पुतळ्याच्या तीन तारखा : सौंसर, मुंबई आणि हेलेना

उर्दूत इतिहासाला ‘तारीख’ म्हणतात, तर मराठीत तारीख म्हणजे दिनांक. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातील मुस्लिम विद्यार्थ्याच्या कानावर हे दोन्ही अर्थ लहानपणापासून पडतात. पुतळे आणि स्मारके हटविण्याच्या वादांचा अभ्यास करताना हे दोन्ही अर्थ एकत्र आणणे उपयोगी ठरते. प्रत्येक पुतळ्याला तीन तारखा असतात : ज्या व्यक्तीचा तो आहे तिच्या काळाची, तो उभारल्याची आणि तो हटविल्याची. या तिन्हींची सरमिसळ झाली की वाद वाढतो आणि इतिहास मागे पडतो, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

प्रथम आपल्या परिसरातील उदाहरण घेऊ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे सौंसर-पांढुर्ण्याचा मराठीभाषक समाज हिंदी राज्याच्या कडेला उरला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी, फेब्रुवारी २०२० मध्ये, सौंसर येथे बसविलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा प्रशासनाने जेसीबी लावून हटविला. तो परवानगीविना बसविला होता, असे कारण देण्यात आले. शिवजयंती अवघ्या काही दिवसांवर होती. लोक रस्त्यावर उतरले आणि त्याचे पडसाद राजकारणातही उमटले.

या वादात शिवाजी महाराजांच्या कार्याविषयी कोणाचाही आक्षेप नव्हता, म्हणजे पहिली तारीख वादात नव्हतीच. प्रश्न होता तो परवानगीचा आणि हटविण्याच्या रीतीचा. सार्वजनिक रस्त्यांवर नवे पुतळे उभारण्यास राज्यांनी परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये दिला होता. नियम एका बाजूला आणि सीमेवरच्या समाजाची अस्मिता दुसऱ्या बाजूला, असा हा पेच होता. नियमाचे पालन करतानाही यंत्राचा पंजा आदरस्थानाला लागला की लोकांच्या मनात कायद्याचे कलम राहत नाही, ते दृश्य राहते.

मुंबईच्या काळ्या घोड्याची गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढील काळातील राजा सातवा एडवर्ड, याचा हा अश्वारूढ पुतळा उद्योगपती अल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिला आणि १८७९ मध्ये त्याचे अनावरण झाले. स्वातंत्र्यानंतर परकीय सत्तेची ही खूण भर चौकात नको, या भावनेतून तो १९६५ मध्ये हलविण्यात आला. मात्र तो फोडला नाही; राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात नेऊन ठेवला. चौकाचे नाव ‘काळा घोडा’ असेच राहिले आणि २०१७ मध्ये तेथे स्वाराविना नवा घोडा उभा राहिला. स्वार गेला तरी घोडा लोकांचा राहिला, असे म्हणता येईल.

तिसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या संघाला कॉन्फेडरसी म्हणत. उत्तरेकडील मॉन्टाना तेव्हा राज्यही नव्हते. ते १८८९ मध्ये राज्य झाले. तरीही तेथील हेलेना शहराच्या उद्यानात ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या महिला संघटनेने १९१६ मध्ये कॉन्फेडरेट सैनिकांच्या स्मरणार्थ ग्रॅनाइटचे कारंजे उभारले. युद्ध संपून पन्नास वर्षे उलटली होती आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवणारे कायदे जोरात होते. म्हणून येथे दुसरी तारीख सर्वांत बोलकी ठरते. जेथे लढाई झाली नाही तेथे हे स्मारक आले, ते गतकाळाविषयीची एक विशिष्ट भूमिका घेऊन. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिल येथील हिंसाचारानंतर काही दिवसांतच ते काढण्यात आले.

तिन्ही ठिकाणी ‘हटविले’ हे क्रियापद एकच आहे, पण प्रश्न तीन आहेत. हेलेनात उभारणाऱ्यांचा हेतू तपासला गेला, मुंबईत सत्ता बदलल्याची नोंद झाली आणि सौंसरमध्ये प्रशासनाच्या रीतीवर वाद झाला. एका उदाहरणाचा निकाल दुसऱ्याला लावणे म्हणूनच इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. अमेरिकेत स्मारके काढली म्हणून आपल्याकडेही काढावीत, किंवा आपल्याकडे भावना दुखावल्या म्हणून तेथील स्मारके राहू द्यावीत, हे दोन्ही युक्तिवाद तोकडे आहेत.

अशा विषयावर वर्गात बोलताना आपल्यापैकी अनेक शिक्षक कचरतात. एखादा शब्द निसटला तर आपल्या नावावरून त्याचा भलताच अर्थ लावला जाईल, ही धास्ती खोटी नाही. पण शिक्षक गप्प राहिला की विद्यार्थ्याला इतिहास मोबाइलवरून मिळतो आणि तेथे तिन्ही तारखा पुसलेल्या असतात. त्यापेक्षा विद्यार्थ्यांना गावातील एखाद्या पुतळ्यापाशी न्यावे, चौथऱ्यावरचा मजकूर उतरवून घ्यायला सांगावे आणि विचारावे : हा कोणाचा, कोणी व केव्हा उभारला आणि त्या वर्षी येथे काय चालले होते? तारीख विचारणे म्हणजे बाजू घेणे नव्हे. उर्दूतली तारीख आणि मराठीतली तारीख तेथेच एक होतात.