कुख्यातांच्या वस्तूंचा संग्रह : इंदूर

वाईट कारणाने गाजलेल्या व्यक्तींचे दागिने, कपडे, शस्त्रे, पत्रे जमवण्याचा छंद आणि त्यावर पोसलेला लिलावाचा बाजार. युरोपात सर्वाधिक वाद हिटलरच्या वस्तूंवरून होतो. २०१९ मध्ये म्युनिकच्या लिलावात त्याची हॅट विक्रीस आली, तेव्हा लेबनॉनमध्ये जन्मलेले स्विस उद्योजक अब्दल्ला शातिला यांनी ती नवनाझींच्या हाती पडू नये म्हणून घेतली आणि ज्यू संस्थेला देऊन टाकली. मराठी मुलखाबाहेरच्या मराठी संस्थानांत या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण इंदूरचे आहे.

१२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांच्या मोटारीवर हल्ला होऊन त्यांचा खून झाला. सोबत मुमताज बेगम होत्या. पूर्वी त्या इंदूर दरबारात नर्तकी होत्या. हल्लेखोरांना त्यांना पळवून न्यायचे होते. त्यांच्या चेहऱ्यावर वार झाले, पण गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडल्याने त्या वाचल्या. संशयाचा माग इंदूरपर्यंत पोचला. महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्यावर खटला चालला नाही. चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा, असा पर्याय सरकारने ठेवला. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली. न्यायालयाने त्यांना कधीच दोषी ठरवलेले नाही, म्हणून ‘कुख्यात’ हे विशेषण त्यांना जपूनच लावले पाहिजे. बाजार मात्र एवढी सबुरी दाखवत नाही.

तुकोजीरावांची सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे ‘इंदूर पेअर्स’ : नासपतीच्या आकाराचे, प्रत्येकी सुमारे ४७ कॅरटचे दोन हिरे. ते त्यांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून घेतले, म्हणजे बावला प्रकरणाच्या बारा वर्षे आधी. फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल यांनी रंगवलेल्या यशवंतरावांच्या मराठी दरबारी पोशाखातील चित्रात हेच हिरे दिसतात. पांढऱ्याशुभ्र वस्त्रांतले तरुण महाराज बसले आहेत, डोक्याला पगडी आहे आणि छातीवर हाराचे दोन टपोरे थेंब लोंबत आहेत. १९४६ मध्ये हिरे न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांच्याकडे गेले. त्यांनी ते पुन्हा पैलू पाडून थोडे लहान केले. १९८० आणि १९८७ मध्ये जिनिव्हात त्यांचा लिलाव झाला.

‘इंदूरच्या महाराजांचे’ एवढ्याच ओळखीवर वस्तू विकली गेली की वडील आणि मुलगा एकच होऊन जातात. एकाच्या बदनामीची सावली दुसऱ्याच्या आवडीनिवडीवर पडते, हा यशवंतरावांवर अन्याय आहे. त्यांचा माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी उभारला, त्यासाठी एलिन ग्रे, रुलमन यांचे फर्निचर आणि द सिल्व्हा ब्रून्स यांचे गालिचे आणले. यशवंतरावांनी ब्रांकुसी यांची ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतील तीन शिल्पे घेतली. त्यांतली संगमरवरी दोन आज कॅनबेरात, तर ब्राँझचे कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला आहे. फर्निचरचा मोठा भाग १९८० मध्ये माँटे कार्लोच्या लिलावात गेला. माणिकबागेत सरकारी कार्यालय आले. या वस्तूंना मिळालेला भाव कारागिरीचा आहे, खुनाचा नाही.

खुद्द तुकोजीरावांचे वैभव पाहायचे तर इंदुरातल्या लालबाग राजवाड्यात जावे. सरकारने जपलेल्या या वास्तूत वस्तू आपल्या खोलीत, आपल्या घरासह दिसते. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तो संदर्भ सुटतो, आणि त्याची जागा किस्सा घेतो. म्हणून संग्राहकाने मालकीची साखळी कागदावर मागावी : जवाहिऱ्याची नोंद, बिल, छायाचित्र, लिलावाचा क्रमांक. ‘मुमताजच्या गळ्यात होता’ अशी तोंडी खूण पुरावा ठरत नाही. शिवाय मुमताज या गुन्ह्याच्या बळी होत्या. त्यांच्या जखमांवर वस्तूची किंमत चढवणे मनाला पटत नाही.

भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो. माणिकबागेसाठी बनलेल्या वस्तू २०३० च्या दशकात शंभरी गाठतील. त्यांतल्या ज्या अजून देशात आहेत, त्यांना तेव्हा हा कायदा लागू होईल.