केटी टेलर : महिला बॉक्सिंगला मुख्य लढतीचा मान मिळवून देणारी आयरिश बॉक्सर

केटी टेलर ही आयर्लंडची व्यावसायिक बॉक्सर आहे. हौशी बॉक्सिंगमध्ये सलग पाच जागतिक विजेतेपदे, २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक आणि त्यानंतर व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये दोन वजनी गटांत निर्विवाद विजेतेपद, अशी तिची कामगिरी आहे. मात्र तिने खेळायला सुरुवात केली तेव्हा तिच्या देशात मुलींच्या अधिकृत लढतीच होत नव्हत्या. त्यामुळे महिला बॉक्सिंगला मान्यता, पैसा आणि प्रेक्षक कसे मिळत गेले, हेही तिच्या कारकिर्दीतून समजते.

सुरुवात कशी झाली?

केटीचा जन्म २ जुलै १९८६ रोजी डब्लिनच्या दक्षिणेला असलेल्या ब्रे या किनारी गावात झाला. वडील पीट टेलर स्वतः बॉक्सर होते आणि तेच तिचे पहिले प्रशिक्षक झाले. लहानपणी केस हेडगार्डखाली लपवून आणि नाव नुसते ‘के. टेलर’ असे लावून ती मुलांविरुद्ध खेळत असे. लढत संपून हेडगार्ड काढल्यावरच जिंकणारी मुलगी असल्याचे लोकांना कळे.

३१ ऑक्टोबर २००१ रोजी डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये आयर्लंडमधील महिलांची पहिली अधिकृत लढत झाली. पंधरा वर्षांच्या केटीने ती जिंकली. त्याच काळात ती फुटबॉलही खेळत होती आणि पुढे आयर्लंडच्या महिला संघाकडूनही खेळली. मात्र अखेर तिने बॉक्सिंगच निवडले.

ऑलिम्पिकपर्यंतचा प्रवास

केटीचे पहिले जागतिक विजेतेपद भारतातले आहे. २००६ची महिला जागतिक स्पर्धा नवी दिल्लीत झाली होती आणि मेरी कोमनेही त्याच स्पर्धेत सुवर्ण जिंकले होते. त्यानंतर २००८, २०१०, २०१२ आणि २०१४ या चारही जागतिक स्पर्धा केटीने ६० किलो गटात जिंकल्या.

एवढे असूनही २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिला संधी नव्हती, कारण तिथे महिलांचे बॉक्सिंगच नव्हते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ऑगस्ट २००९मध्ये त्याचा समावेश मंजूर केला. लंडनमध्ये महिलांसाठी तीनच वजनी गट होते आणि एकूण ३६ जणींनाच प्रवेश होता. उद्घाटन सोहळ्यात केटीने आयर्लंडचा ध्वज वाहिला. अंतिम फेरीत तिने रशियाच्या सोफिया ओचिगावाला १०-८ असे हरवले. १९९२मध्ये मायकल कॅरथने जिंकलेल्या सुवर्णानंतर आयर्लंडचे बॉक्सिंगमधले हे पहिले सुवर्ण होते. याच ऑलिम्पिकमध्ये ५१ किलो गटात मेरी कोमला कांस्य मिळाले.

व्यावसायिक बॉक्सिंगकडे का वळली?

२०१६च्या रिओ ऑलिम्पिकआधी वडिलांनी तिचे प्रशिक्षण सोडले होते. रिओमध्ये उपांत्यपूर्व फेरीत फिनलंडच्या मीरा पोटकोनेनकडून ती हरली. वयाची तिशी आलेली आणि हौशी खेळात जिंकण्यासारखे जवळपास सगळे जिंकून झालेले, अशा टप्प्यावर तिने व्यावसायिक बॉक्सिंग निवडले. प्रशिक्षक रॉस एनामेट यांच्याकडे सराव करण्यासाठी ती अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात राहू लागली. तिच्या लढतींचे आयोजन एडी हर्न यांच्या मॅचरूम कंपनीने हाती घेतले.

व्यावसायिक बॉक्सिंगचे गणित वेगळे असते. इथे देशाचा संघ नसतो. तिकिटे आणि प्रक्षेपण यांतून पैसा येतो आणि कोणाची लढत कार्यक्रमात कुठे ठेवायची हे आयोजक ठरवतो. डोक्याला हेडगार्ड नसते आणि विजेतेपदाची लढत महिलांसाठी साधारणपणे दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांची असते. केटीची पहिली व्यावसायिक लढत २६ नोव्हेंबर २०१६ रोजी लंडनच्या वेम्बली अरेनात झाली आणि तिने ती जिंकली.

‘निर्विवाद विजेती’ म्हणजे काय?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये एकच जागतिक संघटना नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार प्रमुख संघटना स्वतंत्र विजेतेपदे देतात. एकाच वजनी गटातले चारही पट्टे ज्याच्याकडे असतील, त्याला निर्विवाद विजेता म्हणतात.

केटीने ऑक्टोबर २०१७मध्ये कार्डिफ येथे अनाही सांचेझला हरवून लाइटवेट म्हणजे सुमारे ६१ किलो गटाचा डब्ल्यूबीए पट्टा मिळवला. २०१८मध्ये आयबीएफ आणि मार्च २०१९मध्ये डब्ल्यूबीओ पट्टा तिच्याकडे आला. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बेल्जियमच्या डेल्फिन पर्सूनला हरवून तिने चौथा पट्टाही घेतला. दोन परीक्षकांनी केटीला ९६-९४ असे पुढे ठेवले, तिसऱ्याने बरोबरी दिली. निकालावर मोठा वाद झाला. ऑगस्ट २०२०मध्ये पुन्हा झालेल्या लढतीत केटी अधिक स्पष्टपणे जिंकली.

इथवरच्या दोन मोठ्या रात्री, कार्डिफची आणि न्यूयॉर्कची, अँथनी जोशुआच्या हेवीवेट लढतीसाठी भरल्या होत्या. केटीची लढत त्याआधी ठेवलेली होती.

सेरानोविरुद्धच्या तीन लढती

हे चित्र ३० एप्रिल २०२२ रोजी बदलले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रथमच दोन महिलांची लढत मुख्य म्हणून झाली. समोर होती पोर्टो रिकोची, अनेक वजनी गटांत विजेती ठरलेली अमांडा सेरानो. सभागृह पूर्ण भरले होते. पाचव्या फेरीत सेरानोच्या ठोशांनी केटी पुरती डळमळली, पण सावरली. दोन परीक्षकांनी तिला आणि एकाने सेरानोला कौल दिला.

दुसरी लढत १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमध्ये जेक पॉल आणि माइक टायसन यांच्या लढतीआधी झाली आणि नेटफ्लिक्सवर थेट दाखवली गेली. सेरानोच्या उजव्या डोळ्यावर खोल जखम झाली. डोके आपटल्याबद्दल पंचांनी केटीचा एक गुण कापला. तरीही तिन्ही परीक्षकांनी ९५-९४ असा कौल तिच्या बाजूने दिला. फेरी जिंकणाऱ्याला सहसा १० आणि हरणाऱ्याला ९ गुण मिळतात. म्हणजे सहा फेऱ्या केटीच्या आणि चार सेरानोच्या धरल्यास ९६-९४ होतात, त्यातून एक गुण वजा झाला. आणखी एक फेरी सेरानोला मिळाली असती तर निकाल उलटला असता. या निर्णयावरही प्रेक्षकांनी नाराजी दाखवली.

११ जुलै २०२५ रोजी तिसरी लढत पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच झाली. या वेळी कार्यक्रमातल्या सगळ्याच लढती महिलांच्या होत्या. दूर राहून अचूक ठोसे मारण्याच्या डावपेचाने केटी जिंकली.

एकमेव पराभव

मे २०२३मध्ये केटी व्यावसायिक म्हणून प्रथमच आयर्लंडमध्ये खेळली. त्यासाठी ती वरच्या, सुमारे ६३.५ किलोच्या गटात गेली आणि डब्लिनच्या प्रेक्षकांसमोर इंग्लंडच्या शँटेल कॅमेरॉनकडून हरली. नोव्हेंबरमध्ये त्याच सभागृहात तिने कॅमेरॉनला हरवून त्या गटाचे चारही पट्टे घेतले, तेव्हा ती ३७ वर्षांची होती.

अजून काय बाकी आहे?

जुलै २०२५पर्यंत केटीच्या नावावर २५ विजय आणि एक पराभव आहे. त्यांपैकी फक्त सहा विजय नॉकआउटने मिळालेले आहेत. महिला बॉक्सिंगवर ‘नॉकआउट कमी होतात’ असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. मात्र पुरुषांच्या विजेतेपदाच्या लढतीत तीन मिनिटांच्या १२ फेऱ्या, म्हणजे ३६ मिनिटे असतात. महिलांना २० मिनिटेच मिळतात. दोन मिनिटांत दमलेल्या प्रतिस्पर्ध्याला गाठायला वेळ कमी पडतो आणि अनेक फेऱ्या अटीतटीच्या राहून निर्णय परीक्षकांवर जातो. सेरानोने ऑक्टोबर २०२३मध्ये पुरुषांप्रमाणे तीन मिनिटांच्या १२ फेऱ्यांची विजेतेपदाची लढत खेळून दाखवली. केटीबरोबरच्या तिन्ही लढती मात्र दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांच्याच झाल्या. केस लपवून खेळणाऱ्या मुलीच्या कारकिर्दीत महिलांना रिंग मिळाली आणि मुख्य लढतीचा मानही मिळाला. फेरीच्या तिसऱ्या मिनिटाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.