अँथनी गोन्साल्विस : गाण्यातल्या नावामागचा माणूस

मनमोहन देसाई यांच्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये (१९७७) ईस्टरच्या मेजवानीत एका भल्यामोठ्या अंड्यातून अमिताभ बच्चन बाहेर येतो आणि स्वतःचे नाव सांगत नाचू लागतो. ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे किशोरकुमारच्या आवाजातील ते गाणे कोट्यवधी लोकांच्या तोंडी बसले. मात्र ते नाव एका हाडामांसाच्या माणसाचे आहे, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होते. व्हायोलिनवादक, वाद्यवृंदसंयोजक आणि संगीतशिक्षक असलेल्या अँथनी प्रभू गोन्साल्विस यांनी तोवर मुंबईचे रेकॉर्डिंग स्टुडिओ सोडले, त्याला एक तप उलटून गेले होते.

या नामकरणाची कथा चित्रपटाइतकीच गंमतीची आहे. पटकथेत नायकाचे आडनाव आधी फर्नांडिस असे होते. ते चालीत हवे तसे बसेना, तेव्हा लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंचे नाव सुचवले, असे सांगितले जाते. शिष्याने गुरूला वाहिलेली ही दक्षिणा आगळी खरी, पण तिच्यामुळे एक विचित्र गोष्टही घडली. नाव अजरामर झाले आणि त्या नावाचा धनी आणखीच झाकला गेला.

अँथनी यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील सासष्टी तालुक्यातल्या माजोर्डा या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. वडील गावच्या चर्चमध्ये गायनवृंदाचे प्रमुख होते. पोर्तुगीज भाषेत या पदाला ‘मेश्त्रे’ म्हणत. गोव्याच्या सांगीतिक इतिहासात या मेश्त्रेंचे स्थान फार मोठे आहे. चर्चला जोडलेल्या शाळेत ते मुलांना स्वरलेखन शिकवीत, गळ्यातून स्वर काढून घेत आणि मग हाती व्हायोलिन देत. कागदावरची खूण पाहताच स्वर उमटला पाहिजे, ही शिस्त तिथे लहान वयातच अंगी बाणे. मिसेच्या वेळची लॅटिन गीते, लग्नसमारंभातील कोकणी मांडो आणि बँडचे संगीत असा तिन्ही बाजूंनी मुलांचा कान घडत असे. अँथनी यांचे पहिले गुरू त्यांचे वडीलच होते.

मात्र या विद्येवर पोट भरण्याची सोय गोव्यात नव्हती. शिकलेसवरलेले गोवेकर वादक मुंबईची वाट धरत. तिथे हॉटेलांतील नृत्यवृंद होते, मूकपटांच्या काळात थिएटरांतही वादक लागत आणि १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केल्यावर अभिजात पाश्चात्त्य संगीतालाही एक व्यासपीठ मिळाले. बोलपट आले आणि वादकांची मागणी एकदम वाढली. अँथनी मुंबईत आले ते १९४३ साली, सोळाव्या वर्षी. नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून त्यांनी सुरुवात केली. पुढील दोन दशकांत अनिल विश्वास, खेमचंद प्रकाश, श्यामसुंदर, सचिनदेव बर्मन, सलील चौधरी, मदनमोहन अशा अनेकांबरोबर त्यांनी काम केले. ‘महल’ आणि ‘दिल्लगी’ (दोन्ही १९४९), ‘नया दौर’ (१९५७), ‘वक्त’ (१९६५) या चित्रपटांच्या संगीताशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

‘अरेंजर’ म्हणजे नेमके कोण, हे आजच्या श्रोत्याला समजावून सांगावे लागते. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधे. सहाय्यक ती सरगमच्या रूपात टिपून घेई. मात्र गाणे म्हणजे केवळ चाल नव्हे. सुरुवातीचा वाद्यमेळ, मुखडा आणि अंतरा यांच्यामधील संगीत, गायिकेच्या ओळीमागे हलकेच सरकणारी व्हायोलिनची रांग, चेलोंचा खर्ज, एखाद्या शब्दानंतर येणारे बासरीचे उत्तर, हे सारे कुणीतरी योजावे लागते. मग प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद लिहावा लागतो. अरेंजर हे काम करी आणि बहुधा रात्रीतून करी, कारण सकाळी वादक हजर होत. ध्वनिमुद्रण एकसंध असे. गायक आणि वादक एकाच वेळी गात-वाजवत. चाळीस वादकांतील एकाचा स्वर घसरला, की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. कागद समोर येताच बिनचूक वाजवणारा गोवेकर वादक निर्मात्याला इतका मोलाचा वाटे, त्याचे कारण हेच. सतार, सारंगी, तबला वाजवणारे कलावंत कानाने आणि स्मरणाने वाजवीत. या दोन परंपरांना एका दालनात बसवून एकजीव करणे ही अरेंजरची खरी कसोटी होती.

अँथनी यांचे वेगळेपण इथेच दिसते. त्या काळातील अनेक गोवेकर वादकांसाठी रागसंगीत ही रोजीरोटीची गरज होती. अँथनी यांनी ते जिज्ञासेने जवळ केले. मुंबईत आल्यावर हिंदुस्थानी रागांनी त्यांना झपाटले आणि पन्नाशीच्या दशकात एकच प्रश्न त्यांच्या मनात घोळत राहिला. रागाचे रागपण न मोडता तो सिम्फनीच्या रचनेत कसा मांडता येईल?

हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. पाश्चात्त्य हार्मनीचा पाया एकाच वेळी उमटणाऱ्या तीन स्वरांवर असतो. मेजर कॉर्ड म्हणजे आपल्या भाषेत सा-ग-प. आता वृंदावनी सारंग घ्या. त्यात गंधार आणि धैवत वर्ज्य. म्हणजे पायाचा कॉर्ड उभा करायला जावे, तर वर्ज्य स्वर लावल्यावाचून गत्यंतर नाही आणि तो लावला की सारंग उरत नाही. शिवाय राग एकेका स्वराने, मींडेने, आलापाने उलगडतो, तर सिम्फनीत अनेक स्वररेषा एकाच वेळी धावतात. मुंबईतले अनेक संगीतकार हा पेच चार घटकांच्या कामचलाऊ तडजोडीने सोडवीत आणि गाणे छान होऊन जाई. अँथनी यांना तेवढ्यावर भागवायचे नव्हते. त्यांनी ‘सोनाटिना इंडियाना’सारख्या रचना लिहिल्या आणि राग सारंगावर आधारलेला कॉन्चेर्टोही लिहिला.

त्या लोकांपुढे याव्यात म्हणून १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. (मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा निराळा, नावांच्या साधर्म्यामुळे घोटाळा होऊ नये.) सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात या वृंदाचा कार्यक्रम झाला, तेव्हा एकल गायनासाठी लता मंगेशकर आणि मन्ना डे उभे होते. दिवसभर स्टुडिओत प्रेमगीतांमागे वाजवणारे वादक त्या संध्याकाळी श्रोत्यांसमोर बसले होते आणि समोरच्या कागदावर त्यांच्यापैकीच एकाची रचना होती. पण वाद्यवृंद उभा करणे एक आणि तो टिकवणे दुसरे. सिम्फनीला राजाश्रय किंवा धनिकाश्रय लागतो. मुंबईत त्या प्रयोगाला तो मिळाला नाही. पाश्चात्त्य संगीताच्या जाणकारांना त्यात हिंदी सिनेमाचा वास आला असेल आणि रागसंगीताच्या रसिकांना परकेपणा, असे म्हणण्यास जागा आहे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशातली ही गत.

अँथनी यांच्यातला शिक्षक मात्र भरभरून यशस्वी ठरला. बांद्र्याच्या त्यांच्या घरी व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकायला मुले येत. त्यात प्यारेलाल शर्मा हा मुलगा होता. त्याचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा हे स्वतः ट्रम्पेटवादक आणि नावाजलेले संगीतशिक्षक. अशा घरातला मुलगा गोवेकर ख्रिस्ती गुरूकडे जातो आणि वयाच्या आठव्या वर्षापासून व्हायोलिनचे धडे घेऊ लागतो, ही त्या मुंबईची रीत होती. राहुलदेव बर्मनही त्यांच्या शिष्यांत गणले जातात. १९६३ च्या ‘पारसमणी’पासून लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांत व्हायोलिनचा जो भरगच्च ताफा ऐकू येतो, त्यामागे हे शिक्षण आहे. चाल सुचली तरी ती चाळीस-पन्नास वादकांसाठी लिहिता येणे ही वेगळी विद्या. ती येत असल्यामुळे प्यारेलाल यांना अरेंजरसाठी कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही. २०२४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

स्वतः अँथनी यांनी १९६५ मध्ये हिंदी चित्रपटसृष्टीचा निरोप घेतला. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाची प्रवासवृत्ती त्यांना मिळाली होती. तेथील संगीतरचनाकारांच्या संघटनेचे ते सदस्यही झाले. भारतात परतल्यावर त्यांनी स्टुडिओंकडे पाठ फिरवली आणि माजोर्ड्याला आपल्या गावी निवृत्तीचे जीवन पत्करले. एव्हाना मुंबईतील संगीताचा धंदाही पालटू लागला होता. पुढे सिंथेसायझर आले, वाद्ये एकेकटी ध्वनिमुद्रित होऊ लागली आणि मोठ्या वाद्यवृंदांची गरज ओसरत गेली.

श्रेयाचा मुद्दा मात्र शिल्लक राहतो. शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांत सहाय्यक म्हणून दत्ताराम आणि सेबास्टियन ही नावे पडद्यावर येत. सेबास्टियन म्हणजे गोव्याचे सेबास्टियन डिसोझा. पण हा अपवाद होता. अँथनी, फ्रँक फर्नांड, ट्रम्पेटवर राज्य करणारा चिक चॉकलेट अशा मंडळींनी किती गाण्यांना आकार दिला, याचा हिशेब श्रेयनामावलीत सापडत नाही. तबकडीवरही ती नावे नसत. न्यूझीलंडमधील संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तोवर हा इतिहास प्रामुख्याने वादकांच्या आठवणींतच होता. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनीही गोवेकर वादकांवर लिहिताना अँथनी यांची आठवण जागवली. मराठीतील चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, त्यामुळे उतारवयातील अँथनी कॅमेऱ्यासमोर आले.

१८ जानेवारी २०१२ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी गोव्यात त्यांचे निधन झाले. निधनाच्या बातम्यांमध्येही त्यांची ओळख करून द्यायला तेच गाणे लागले. सारंगावरच्या कॉन्चेर्टोचा उल्लेख आला, तो त्यानंतर.