भट्टीचें अस्तर
भट्टीला आंतून अस्तर कशाचें द्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां गवंड्याचा. पण पोलादाचा धंदा त्यापाशीं वीस वर्षें अडला होता. बेसेमरची भट्टी १८५६ सालीं निघाली. तिचें अस्तर वाळूच्या जातीच्या दगडाचें, म्हणजे अम्लधर्मी. तें आंचेला पुरून उरे, परंतु फॉस्फरस लोखंडास सोडीना आणि पोलाद ठिसूळ होई. फॉस्फरस ओढून घेण्यास चुना हवा; चुना घालावा तर तो अस्तरच खाऊन टाकी!

हें कोडें सोडविलें लंडनच्या पोलिस-कोर्टांतील एका कारकुनानें. सिडनी गिलख्रिस्ट टॉमस दिवसा दप्तर लिही, रात्रीं रसायनाचे वर्ग गांठी. अस्तरच चुन्याच्या जातीचें हवें, हें त्यानें ताडलें. वेल्समधील ब्लेनाव्हन येथें त्याचा मामेभाऊ पर्सी रसायनज्ञ होता. तेथील चिमुकल्या भट्टींत प्रयोग चालले. डोलोमाइट दगड कडक भाजून, पुढें त्याची भुकटी डांबरांत मळून, टिकाऊ अस्तर साधलें. १८७८ सालीं त्यानें विद्वानांच्या सभेंत हें सांगितलें, तेव्हां कोणी लक्ष दिलें नाहीं. एप्रिल १८७९ मध्यें मिडल्सबरो येथें प्रयोग यशस्वी होतांच परदेशी कारखानदार धांवत आले. मळीचें पीठ शेतांत खत म्हणून खपूं लागलें, तें निराळेंच. टॉमस १८८५ सालीं, पस्तिशीच्या आंत, पॅरिसला वारला. मिळालेलें धन त्यानें कष्टकऱ्यांच्या हितासाठीं ठेवलें; बहिणीनें तें तसेंच वेंचलें.