मुखपृष्ठावर आमची पोर कुठंय?



मागच्या उन्हाळ्यात टोळ्या कारखान्यावरून परत आल्या तेव्हाची गोष्ट. आमच्या गटातली एक जण पोरीचा निकाल आणायला शाळेत गेली. बाईंनी निकालासोबत शाळेचा वार्षिक अंकही हातात दिला. तिला वाचता येत नाही. घरी आल्यावर तिनं अंक उघडला नाही, मुखपृष्ठ मात्र बराच वेळ बघितलं. झेंड्याच्या कट्ट्यासमोर रांगेत उभ्या राहिलेल्या साऱ्या शाळेचा फोटो होता तो. एकेका तोंडावर बोट ठेवत ती शेवटापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी बैठकीत अंक घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, ह्यात आमची कुठंय?"

फोटो २६ जानेवारीचा होता. त्या दिवशी तिची पोर आईबापाबरोबर उसाच्या फडात होती.

यात कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. पण तेव्हापासून आमच्या ध्यानात आलं, की अंकाची आतली पानं वाचणारे वाचतात, मुखपृष्ठ मात्र सगळेच वाचतात. ज्यांना अक्षर येत नाही ते तर तेवढंच वाचतात. म्हणून यंदा शाळेनं मुखपृष्ठासाठी मदतीला बोलावलं तेव्हा आम्ही लगेच हो म्हटलं. आधी जुने अंक बघू, लोकांनी आजवर काय काय केलंय ते बघू, असं ठरलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे, सुरुवातीला चित्र नव्हतंच. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण'. बाळशास्त्री जांभेकरांनी ते ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत काढलं. त्याच्या पहिल्या पानावर वर नाव आणि खाली नुसता मजकूर, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. ज्याला वाचता येतं तोच घेणार, मग चित्र काढून बोलवायचं कुणाला? त्यानंतरही कितीतरी वर्षं मासिकांची तोंडं अशीच होती.

चित्र आलं ते दगडावरून. शिळाछाप म्हणतात त्याला. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ओल्या जागेवर तेलकट शाई धरत नाही, चित्राच्या रेघेवर धरते. मग कागद दाबायचा. जितके रंग तितके दगड. एक दगड जरा सरकला की रंग रेघेबाहेर जातो, ओठांची लाली हनुवटीवर येते. पुण्याची चित्रशाळा १८७८ साली सुरू झाली, तिथं अशी रंगीत चित्रं छापली जायची. १८९४ साली राजा रवि वर्मांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी पोचल्या. ज्या घरात वाचणारं कुणी नव्हतं, त्या घरातही भिंतीवर छापील कागद लागला.

शाळेच्या अंकावर हमखास दिसणारी सरस्वती आठवा. खडकावर बसलेली, चार हात, मांडीवर वीणा, जवळ मोर. हे रूप घराघरात आणि शाळाशाळांत रुजवलं ते रवि वर्मांच्या त्या चित्रानं. शाळेच्या अंकावर दुसरं काही असू शकतं हे आमच्याही आधी मनात आलं नव्हतं.

मग मासिकवाल्यांच्या लक्षात आलं, की चित्र असलं तर अंक विकला जातो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली 'मनोरंजन' काढलं आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. मराठीत दिवाळी अंकाची चाल तिथून पडली. दिवाळीत दुकानात दहा अंक शेजारी शेजारी लागणार, मग ज्याचं तोंड देखणं त्याला गिऱ्हाईक. मूळचे गोव्याचे चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली स्वतःचाच 'दीपावली' अंक सुरू केला. त्यांच्या चित्रातल्या बायका आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या आज्यांनी बघितल्या असतील. तशी जुनी चित्रं आम्ही सगळ्या जणी मिळून बघत होतो. रंग असे की नजर हलत नाही. आमच्यातली एक वयस्कर मावशी म्हणाली, "बाई देखणी हाय, पण टाचेला एक भेग नाही बघ कुणाच्या." आम्ही खूप हसलो. हसलो खरं, पण बोलणं खोटं नव्हतं. विकण्यासाठी काढलेल्या मुखपृष्ठावर बाई पुष्कळ वेळा आली, ती बघण्यासाठी आली. तिला स्वतःला काय दाखवावंसं वाटतं हे कुणी विचारलं नाही.

थोडा वेगळा रस्ता किर्लोस्करवाडीला दिसतो. नांगराच्या कारखान्याची ही वाडी. कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचं शिक्षण घेतलेले. त्यांनी १९२० साली कारखान्याची माहिती देणारं 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं आणि १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' मासिक काढलं. नाव बघा, देवी नाही, माता नाही, गृहलक्ष्मीही नाही. नुसतं स्त्री. मुखपृष्ठावरचं नावसुद्धा किती बोलतं ते आम्हाला यातून कळलं.

पण ही सगळी विकायची मासिकं झाली. शाळेचा अंक कुणाला विकायचा नसतो. त्याची जातकुळी शोधायची तर अमळनेरला जावं लागतं. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि मुलांचं छात्रालयही सांभाळायचे. तिथं ते 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे, तेही हातानं लिहून. दैनिक म्हणजे रोजचं! आम्हाला गटाचं महिन्याचं इतिवृत्त लिहायचं तरी जिवावर येतं. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं मासिक सुरू केलं. त्या हस्तलिखिताचा वाचक आणि लिहिणारा एकाच छपराखाली राहायचा. कुणाला भुलवायचं नव्हतं.

आपल्या शाळांतली हस्तलिखितं याच वाटेची. आमच्यापैकी ज्या शिकल्या त्यांना आठवतं: जाड कार्डशीट, चमकीचा कागद, खळ, आणि चित्र काढायचा मान वर्गातल्या एकाच हुशार मुलाला. अंक एकच तयार व्हायचा आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलुपात जायचा. आयांपर्यंत तो कधी आलाच नाही.

तर हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही सप्टेंबरात शाळेत गेलो. सप्टेंबर मुद्दाम धरला. दसरा झाला की उचल घेतलेली घरं निघतात. शाळेत मुलं ४२, त्यातली १७ जाणारी. काही हंगामी वसतिगृहात राहतात, सगळी नाही राहत. मुखपृष्ठ जानेवारीत केलं तर पुन्हा तेच होणार होतं.

तालुक्याच्या डीटीपीवाल्यानं संगणकावर तयार नमुने दाखवले. पृथ्वीचा गोल, पुस्तकातून उडणारी फुलपाखरं, भुऱ्या केसांचं गोरं पोर. एका गुरुजींना सरस्वती हवी होती. शेवटी सातवीतली एक मुलगी म्हणाली, गोधडी करू. प्रत्येकाचं एक ठिगळ, त्यात ज्यानं त्यानं आपल्या मनाचं काढायचं. सहा उभ्या ओळी, सात आडव्या, बेचाळीस ठिगळं बरोबर बसतात.

पहिल्या खेपेला फसलो. अंकाचं नाव मधोमध लाल अक्षरात घातलं, ते ठिगळांच्या गर्दीत हरवलं. कागद फळ्यावर लावून दारातून बघितला तेव्हा कळलं. मग वर चार बोटं कोरी पट्टी सोडली आणि नाव काळ्या ठसठशीत अक्षरात तिथं घातलं. गटातल्या मावशींना दारात उभं केलं आणि विचारलं काय दिसतंय. म्हणाल्या, "गोधडी. आणि वर कायतरी नाव." म्हणजे जमलं.

वाद झाला तो एका ठिगळावरून. मागच्या वर्षी जी फोटोत नव्हती, तिनं कोपी काढली. पाचटाची कोपी, दारात चूल, बाजूला बैलगाडी. शाळेच्या मुखपृष्ठावर कोपी नको, पाहुणे काय म्हणतील, असं निघालं. घर काढू दे की तिला, गावातलं. आम्ही दोन्हीकडून विचार केला, कारण पोरीला कुणी चिडवलं असतं तर तेही आमच्याच माथी आलं असतं. मग तिलाच विचारलं. ती म्हणाली, "गावातलं घर आईनं पण काढलंय की रांगोळीत. कोपी कुणीच काढली नाही." ठिगळ राहिलं.

छपाईचं थोडं सांगतो, तुमच्या शाळेला उपयोगी पडेल. पूर्वी रंगागणिक दगड होता, आता मोठ्या छपाईला रंगागणिक पत्रा लागतो: निळा, गुलाबीसर लाल, पिवळा, काळा. शंभर-दीडशे प्रतींना ते पत्रे परवडत नाहीत, तेवढ्यांसाठी मशीनवरून थेट रंगीत प्रती काढून घ्याव्यात. आणि कड सोडा. अंक शिवल्यावर तीन बाजूंनी कापतात. आमच्या नमुन्याच्या प्रतीत उजवीकडची सहा-सात ठिगळं अर्धवट कापली गेली. आधीच राहून जाणारी पोरं, त्यात हे. आता ठिगळं जरा लहान करून चारी बाजूंनी गोधडीला असते तशी किनार घातलीय, कापायचं ते किनारीतून कापलं जाईल.

नमुना आला तोवर टोळ्या गेल्या होत्या. आम्ही मुखपृष्ठाचा फोटो काढून त्या बाईच्या फोनवर पाठवला. दोन दिवस काही नाही, फडात चार्जिंगची पंचाईत असते. तिसऱ्या रात्री तिचा आवाज आला: "सापडली, ताई. तिसऱ्या ओळीत हाय. पण चूल उजवीकडं असती आमची, तिनं डावीकडं काढलीय."