मद्यत्याग : पहिले तीन दिवस जोखमीचे
मद्य मज्जासंस्थेला मंदावते. दीर्घकाळ रोज अतिमद्यपान करणाऱ्याचा मेंदू त्याची भरपाई म्हणून अधिक उत्तेजित राहू लागतो. मद्य एकाएकी थांबताच ही उत्तेजना अनावर होते. काही तासांतच हात थरथरणे, घाम, निद्रानाश. पहिल्या दोन दिवसांत आकडी. तर साधारणतः ४८ ते ७२ तासांनी भ्रम व प्रलाप संभवतात. प्रलापावस्था उपचारांविना प्राणघातक ठरू शकते. म्हणून अशा व्यक्तीने मद्यत्याग वैद्यकीय देखरेखीखालीच करावा. औषधे व ‘ब१’ जीवनसत्त्व यांनी शरीर सावरते. निर्धार टिकविण्यास मात्र समुपदेशन, कुटुंब आणि समदुःखी सोबती लागतात. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राचे कार्य याच जाणिवेतून चालते.