मोटारीचा रंग, मोटारीची काच आणि कायदा

नागपूरहून जबलपूरकडे निघालेली मोटार कामठीची छावणी मागे टाकून कन्हान नदीच्या पुलावर येते, तेव्हा वैशाखात आत बसलेल्यांची अवस्था भट्टीतील विटेहून फारशी वेगळी नसते. ४५ अंशांच्या उन्हात विदर्भातील गृहस्थ घरी वाळ्याच्या ताट्या लावील व त्यांवर पाणी शिंपडील. मोटारीस ताटी कशी लावावी? म्हणून तो काचेवर काळी फिल्म चिकटवितो. शिवाय त्या टापूत कोळशाच्या खाणी आहेत, रात्रंदिवस मालमोटारींची रहदारी आहे. गाडीचा पांढरा रंग बघता बघता करडा होतो. तेव्हा कोणी हौशी मालक सगळ्या गाडीस नव्या रंगाचे प्लास्टिकचे आवरण चढवितो. गाडी आपली, पैसा आपला, ऊनही आपल्याच डोक्यावरचे. यात सरकारचा संबंध कोठे आला, असा त्याचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर शोधण्यास सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

घोड्याच्या गाडीस ओळख लागत नसे. गाडीवान ओळखीचा, घोडा ओळखीचा, आणि वेग इतका बेताचा की पळून जाणाऱ्यास चार पावलांत गाठावे. मोटार आली आणि ही सोय संपली. माणसास धक्का देऊन ती धुरळ्यात दिसेनाशी होई व मागे राहिलेल्या साक्षीदारास एवढेच सांगता येई की, गाडी तांबडी होती. म्हणून पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली गाड्यांवर ओळखपट्टी सक्तीची केली. इंग्लंडात १९०३ साली कायदा झाला. तो १ जानेवारी १९०४ पासून अमलात आला, आणि तेथील नोंदवहीत मालकाच्या नावाबरोबर गाडीच्या सांगाड्याचा रंगही लिहिण्यात येऊ लागला. रंगाचा रकाना आला तो शोभेसाठी नव्हे, साक्षीसाठी.

हिंदुस्थानात सर्व देशासाठी मोटारींचा कायदा १९१४ साली झाला. योगायोग असा की, त्याच साली अमेरिकेत हेन्री फोर्ड याने आपली प्रसिद्ध गाडी केवळ काळ्या रंगात देण्यास आरंभ केला व सुमारे १९२५ पर्यंत तो क्रम चालू ठेवला. या गाड्यांपुरता तरी रंगाच्या रकान्याचा कारकुनास काय उपयोग झाला असेल, हे त्या कारकुनासच ठाऊक! लवकर वाळणारी रंगीत रोगणे निघाल्यावर मात्र रस्त्यावर रंगांची दाटी झाली. नागपूर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना, १९३९ साली, दुसरा व्यापक कायदा आला. त्यातील नियमाचा मथितार्थ साधा होता: प्रमाणपत्रावरचा मजकूर खोटा ठरेल असा बदल मालकाने कचेरीस कळविल्यावाचून व तिची संमती घेतल्यावाचून करू नये. बदल करण्यास आडकाठी नव्हती; वहीत एक व रस्त्यावर दुसरे, यास आडकाठी होती.

एका रंगावर मात्र खासगी मालकाचा हक्क मुळीच चालत नाही, आणि कन्हानच्या रहिवाशास त्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. नदीपलीकडे कामठीस १८२१ पासून लष्कराची छावणी आहे. तेथील गाड्यांचा ऑलिव्हसारखा मळकट हिरवा रंग पोराटोरांसही ओळखता येतो. १९८९ च्या केंद्रीय नियमांपैकी १२१ व्या नियमाने संरक्षण खात्याखेरीज अन्य कोणाच्याही गाडीस तो रंग देण्यास मनाई केलेली आहे. रंग हाच जेथे अधिकाराचा पोशाख, तेथे सोंग घेण्यास मुभा कशी असावी?

काचेची कथा निराळी आहे. आरंभीच्या मोटारी उघड्या असत. काच आली ती वाऱ्याच्या आडोशासाठी, आणि अपघातात तीच माणसांचे गळे कापू लागली. बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने दोन काचांमध्ये पापुद्रा बसविण्याची युक्ती काढून १९०९ साली तिचे पेटंट घेतले. पुढे काच सुरक्षित झाली व मग प्रश्न उरला तो तिच्या पारदर्शकतेचा. वाहनात बसणाऱ्याने दिसू नये, ही इच्छा काही आजची नव्हे. टांग्यास पडदे लावून कुलस्त्रिया प्रवास करीत, संस्थानिकांच्या जनानखान्याच्या मोटारींसही पडदे असत. त्या काळी पडद्याआड अब्रू असे. काळ्या काचेआड काय आहे, याचा भरवसा पोलिसांस देता येईना.

१९८९ च्या १०० व्या नियमाने पुढच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे ठरविले. नियम चांगला, पण पाळतो कोण? दंड पहिल्या खेपेस शंभर रुपयांपर्यंत! अखेर २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कारखान्यातून आलेल्या काचेवर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म लावता येणार नाही. ४ मेपासून त्याचा अंमल सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत एका तरुणीवर चालत्या बसमध्ये जो अत्याचार झाला, त्या बसच्या काचाही काळ्या होत्या व आत पडदे होते. त्यानंतर उन्हाची तक्रार करणाऱ्याचा आवाज आपोआपच खाली आला. अतिसुरक्षित पुढाऱ्यांच्या गाड्यांस मात्र सवलत राहिली, आणि ऊन काय त्यांनाच अधिक लागते, असे लोक विनोदाने विचारीत राहिले. पुढे १ एप्रिल २०२१ पासून नियमात काचेबरोबर प्लास्टिकच्या थरासही स्थान मिळाले. त्याच आधारावर, ७० व ५० टक्क्यांची मर्यादा सांभाळणारी प्रमाणित फिल्म गुन्हा ठरत नाही, असा निकाल केरळच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला. अर्थात, भट्टीतील विटेस थोडी सावली मिळाली, अंधार नव्हे.

रंगाच्या बाबतीत १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम लागू होते. २००० सालच्या दुरुस्तीनंतर कारखानदाराने ठरविलेल्या मूळ बांधणीत फरक करण्यास बंदी आली. तरी बाकीच्या तपशिलांत फरक करून तो प्रमाणपत्रावर नोंदविता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. पूर्वसंमतीवाचून फरक झाला असल्यास तो चौदा दिवसांच्या आत कळविण्याची तरतूद कायद्यात आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली.

परंतु हे सर्व नियम रोगणाच्या काळात जन्मले. रोगण एकदा दिले की वर्षानुवर्षे टिके. प्लास्टिकचे आवरण चार दिवसांत चढते आणि मनात आले की सोलून निघते. नोंदणीच्या अर्जात आजही ‘रंग किंवा रंग’ असा अनेकवचनी रकाना आहे, म्हणजे दोन रंगांच्या गाडीची सोय आहे. पण बाजारात आता असेही आवरण मिळते, जे सरड्यासारखे पाहणाराच्या कोनाप्रमाणे पालटते. अशी गाडी कामठीच्या नाक्यावर हिरवी दिसते व पुलावरून उतरताना जांभळी. तिचा मालक नागपूर ग्रामीणच्या परिवहन कचेरीत, जेथे गाड्यांस एम. एच. ४० हा क्रमांक मिळतो, अर्ज घेऊन उभा राहिला, तर खिडकीआडच्या कारकुनास त्या रकान्यात काहीतरी एक लिहावेच लागेल.